सिरोडीलमध्ये जंगल होतं की नव्हतं?

वाचकाचं पत्र

आम्ही पाच मित्र गेली काही वर्षं ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतले गेम खेळतो आणि त्या जगाच्या इतिहासाचं एक सामाईक टिपण ठेवतो. देव, राजघराणी, लढाया, कोण कुणाचा कोण, सगळं त्यात असतं. नियम एकच होता: गेममध्ये असेल तेच लिहायचं. आमच्यातल्या एकाने त्यात मालिकेचे एक जुने लेखक मायकल कर्कब्राइड यांच्या गेमबाहेरच्या लिखाणावरून पानंच्या पानं घातली. काही भाग एका लांबलचक व्हिडिओतून उचललेला होता. मी ते सगळं काढून टाकलं. तो म्हणाला, “ज्याने हे जग घडवलं त्याचंच लिखाण पुसतोस? तू कोण?” मी म्हटलं, कर्कब्राइड कंपनी सोडून गेले, आता त्यांचं लिखाण कॅनन, म्हणजे अधिकृत कथेचा भाग, नाही. त्यावर त्याने ‘मॉरोविंड’मधली पुस्तकं उघडून दाखवलं की गेममधल्या पुस्तकांचाही एकमेकांशी मेळ नाही, मग तुझं तरी खरं कशावरून? मला उत्तर सुचलं नाही. आता तो टिपणाकडे फिरकत नाही आणि बाकीचे म्हणतात, बंदच करू या. नक्की कुठला स्रोत विश्वासार्ह धरायचा? आणि चूक कुणाची, माझी की त्याची?

– टॅम्रिएलचा कारकून

उत्तर

प्रिय कारकून,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. चूक तुमची. टिपण सामाईक होतं, पानं त्याने लिहिली होती आणि तुम्ही ती न विचारता काढलीत. मजकूर चुकीच्या जागी होता हे तुमचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं, पण मग तो हलवायचा. ‘गेमबाहेरचं लिखाण’ असं वेगळं पान उघडून तिथे ठेवला असता तर एवढं झालं नसतं. जुनी प्रत शिल्लक असेल तर आजच परत आणा आणि त्याला तसं कळवा. कळवताना वाक्य “पण”ने पुढे वाढवू नका.

आता पहिला प्रश्न. तुमच्या मित्राच्या शेवटच्या मुद्द्याला तुम्हाला उत्तर सुचलं नाही, कारण तो मुद्दा बरोबरच आहे. फक्त त्यातून तो जो निष्कर्ष काढतो, तो बरोबर नाही.

‘मॉरोविंड’ २००२ मध्ये आला. त्याच्या कथेच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: रेड माउंटनच्या लढाईनंतर नेरेवर हा प्राचीन सेनानी कसा मेला? मंदिराचं, म्हणजे तिथल्या धर्मसंस्थेचं, अधिकृत म्हणणं असं की तो लढाईतल्या जखमांनी गेला. राखेने माखलेल्या प्रदेशात भटकणारे अ‍ॅशलँडर सांगतात की त्याच्याच तीन सल्लागारांनी, म्हणजे पुढे देव म्हणून पुजल्या गेलेल्या अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक यांनी, त्याला मारलं. ही हकीकत त्यांच्याकडे नेरेवरच्या ढालकऱ्याकडून आली, असा त्यांचा दावा. ती लिहून ठेवलेली प्रत मंदिराच्या गुप्त कागदपत्रांत दडवलेली असते आणि बंडखोर धर्मगुरूंमुळे ती आपल्या हाती लागते. खुद्द व्हिवेकने लिहिलेला लढाईचा वृत्तांत आहे, त्यात खुनाची कबुली नाही. पण त्याच व्हिवेकच्या छत्तीस प्रवचनांपैकी २९व्या प्रवचनात आकड्यांची एक यादी आहे. त्या आकड्यांप्रमाणे प्रवचनांमधून शब्द वेचले की एक मजकूर तयार होतो: त्याने देवत्व चोरलं, होर्टेटरचा खून केला, आणि हे व्हिवेकनेच लिहिलं आहे. होर्टेटर म्हणजे नेरेवर.

म्हणजे एकाच माणसाच्या (देवाच्या म्हणा हवं तर) दोन जबान्या एकमेकींना छेद देतात आणि दोन्ही गेममध्ये आहेत. “गेममध्ये असेल तेच लिहायचं” हा तुमचा नियम इथे काय करणार? त्या नियमाने चारही हकीकती आत येतात.

हा लेखकांचा गलथानपणा नव्हे. विसंगती मुद्दाम पेरलेली आहे. खेळणाऱ्याने साक्षी तपासाव्यात, कोण कुणाच्या फायद्याचं बोलतोय ते ओळखावं आणि स्वतःचा निवाडा करावा, अशीच त्या गेमची रचना आहे. तुमच्या मित्राने यातून “मग काहीच खरं नाही” असं काढलं. तुम्ही घाबरून “मग फक्त अधिकृत तेवढंच” असं धरलंत. दोघांनीही साक्षीदार वेगळा आणि घटना वेगळी, हा फरक सोडून दिला.

मराठी इतिहासाची थोडी ओळख असलेल्याला हे चटकन कळेल. बखरीत एखादी गोष्ट आहे एवढ्यावरून ती घडली असं कुणी जाणकार म्हणत नाही. बखर कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, घटनेनंतर किती काळाने लिहिली, हे बघतो. तरीही बखर फेकून देत नाही. टॅम्रिएलमधलं, म्हणजे या गेमच्या जगातलं, प्रत्येक पुस्तक म्हणजे बखर आहे असं समजून चाला.

म्हणून तुमच्या टिपणात “गेममध्ये आहे” हा एकच कप्पा पुरणार नाही. आपण खेळताना डोळ्यांदेखत जे घडतं, ते सगळ्यांत भक्कम. ‘स्कायरिम’च्या सुरुवातीला हेल्गेन गावावर ड्रॅगन येतो; यावर वाद घालायला कुणी येणार नाही. त्या जगातलं कुणी जे सांगतं किंवा लिहितं, ती साक्ष. गेमबाहेर गेम बनवणारे जे बोलतात, तीही साक्षच, फक्त वेगळ्या जातीची. आणि चाहते जे म्हणतात तो तर्क. तर्क कितीही सुंदर असला तरी तर्कच. साक्षीची नोंद करताना साक्षीदाराचं नाव सोडायचं नाही, एवढं पथ्य पाळलंत तर तुमची अर्धी भांडणं आपोआप मिटतील.

उदाहरण देते. ‘मॉरोविंड’चा नायक नेरेवरिन पुढे अकाविर खंडाकडे निघून गेला, असं अनेक ठिकाणी बिनधास्त लिहिलेलं आढळतं. मुळात हे येतं कुठून? सिरोडील प्रांतात घडणाऱ्या ‘ऑब्लिव्हियन’ या पुढच्या गेममध्ये रस्त्यावरचे लोक एकमेकांना अफवा सांगत असतात, त्यातली ही एक. “नेरेवरिन अकाविरला गेला” आणि “नेरेवरिन अकाविरला गेल्याचं सिरोडीलमध्ये बोललं जात होतं” या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच चांगल्या आणि वाईट टिपणात असतं.

आता तुमच्या खऱ्या भांडणाकडे येऊ, म्हणजे कर्कब्राइडकडे. इथे जंगलाची गोष्ट सांगावीच लागेल. तुम्हा दोघांना ती बहुधा तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असेल.

१९९८ मध्ये ‘रेडगार्ड’ हा गेम आला, त्याच्यासोबत साम्राज्याची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका होती. कर्ट कुलमन आणि कर्कब्राइड यांचा तिच्या लेखनात मोठा वाटा. पुस्तिका साम्राज्याच्या सरकारी भूगोलकारांनी काढली आहे असा तिचा आव, आणि समासात कुणा विरोधकाच्या हस्ताक्षरात टोमणे. (मला विचाराल तर या मालिकेतली सगळ्यांत मजेदार वस्तू हीच.) तिच्यात सिरोडील म्हणजे घनदाट जंगलाचा प्रदेश. मग २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आला, अख्खा गेम सिरोडीलमध्ये, आणि जंगलाचा पत्ता नाही. सौम्य हवेची कुरणं, टेकड्या, राया. बनवणाऱ्यांनी प्रदेश वेगळा उभा केला, एवढंच खरं कारण.

चाहत्यांनी अर्थातच आकाशपाताळ एक केलं. कर्कब्राइड यांनी गेमबाहेर एक छोटा मजकूर लिहिला, त्यात टालोस हा (पुढे देव मानला गेलेला) सम्राट आपल्या शक्तीने ते जंगल पालटून टाकतो. तुमच्या नियमाप्रमाणे हा मजकूर बाहेरचा, म्हणून बाद. पण २०११ मध्ये ‘स्कायरिम’ आला. व्हाइटरन शहराच्या चौकात हायम्स्कर नावाचा एक धर्मोपदेशक दिवसभर ओरडत असतो. खेळाडू त्याला इतके वैतागतात की कितीजणांनी त्याच्यावर बाण सोडलाय याची गणतीच नाही. तो जे ओरडतो त्यात त्याच मजकुरातल्या ओळी आहेत. बाहेरचं लिखाण आत आलं.

मग जंगलाचा निकाल लागला का? नाही. २०१४ च्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये फ्रास्टस नावाच्या विद्वानाचं मत सापडतं. त्याच्या मते जंगल कधी नव्हतंच, कुणा जुन्या नकलकाराच्या हातून प्रत उतरवताना चूक झाली. या फ्रास्टसच्या लिखाणात पांडित्याचा तोरा एवढा असतो की त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायलाही मन धजत नाही.

तर आता तुमच्या टिपणात सिरोडीलबद्दल काय लिहायचं? मी असं लिहीन: “साम्राज्याच्या पुस्तिकेत हा जंगलाचा प्रदेश म्हटला आहे. तिसऱ्या युगाच्या शेवटी (‘ऑब्लिव्हियन’चा काळ) तो प्रत्यक्षात तसा दिसत नाही. व्हाइटरनचा उपदेशक हा बदल टालोसने घडवल्याचं सांगतो. फ्रास्टस जुन्या प्रतीत चूक असल्याचं मानतो.” चार वाक्यं. यात तुमच्या मित्राचे कर्कब्राइड आले, तुमचा नियमही शाबूत राहिला आणि वाचणाऱ्याच्या हाती निवाड्याचं सामान पडलं. एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवण्याची घाई टिपणकाराने का करावी? गेमने ती केलेली नाही.

“कंपनी सोडली म्हणून कॅनन नाही” हा तुमचा युक्तिवाद मात्र सोडून द्या, तो लंगडा आहे. लेखकाने नोकरी सोडली म्हणून त्याचं लिखाण रद्द होत नाही. तसं असतं तर ती छत्तीस प्रवचनंही पुसावी लागली असती, कारण तीही कर्कब्राइड यांचीच. पाहायचं ते एवढंच की अमुक ओळी कंपनीने गेममध्ये आणल्या की नाही. हायम्स्करच्या तोंडच्या ओळी आणल्या. २०१४ मध्ये त्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली चित्रकथेची संहिता आणलेली नाही. एक ओळ आत आली म्हणून त्या लेखकाचं सगळं कपाट आत येत नाही. मित्राला हे पटायला जड जाईल, पण तो सुज्ञ दिसतो.

त्याच्या “ज्याने जग घडवलं” या म्हणण्यालाही सुधारणा हवी. मालिकेतला पहिला गेम ‘एरिना’ १९९४ मध्ये आला तेव्हा कर्कब्राइड तिथे नव्हतेच. ज्युलियन लफे, टेड पीटरसन ही त्या काळची माणसं. ‘मॉरोविंड’चे मुख्य डिझाइनर केन रोल्स्टन. अशा जगाला एक धनी नसतो. कुणा एकाला निर्माता ठरवून त्याच्या शब्दाला वेदवाक्य मानणं हा कादंबरीच्या वाचकाचा हिशेब झाला. तो अनेक जणांनी मिळून, माणसं बदलत बदलत, वर्षानुवर्षं बनवलेल्या गेमला लागू पडत नाही.

आणि निर्माता बोलला म्हणजे सगळं संपलं, असंही नसतं. ‘वॉरक्राफ्ट ३’ या दुसऱ्याच मालिकेतल्या गेमच्या २००२ च्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की एरेडार जातीच्या दुष्टपणामुळे सार्गेरास या महाखलनायकाचं डोकं फिरलं. पुढच्या ‘बर्निंग क्रूसेड’ने हे बरोबर उलटं केलं, सार्गेरासनेच एरेडारांना नासवलं. चाहत्यांनी विचारल्यावर लेखक क्रिस मेट्झन यांनी सरळ मान्य केलं की आधीचा मजकूर मीच लिहिला होता आणि मी तो विसरलो. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. २०१० च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे त्याच कंपनीच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, तर लाल शर्ट घातलेल्या एका चाहत्याने फाल्स्टाड या बुटक्या सरदाराबद्दल प्रश्न विचारला. मंचावरून उलट विचारणा झाली की तो मेला ना? चाहत्याने शांतपणे सांगितलं, नाही, जिवंत आहे. तोच बरोबर निघाला. कंपनीने पुढे त्या सरदाराला त्याची जागा दिली आणि गेममधल्या आयर्नफोर्ज शहरात त्याच्या शेजारी लाल शर्टातला एक बुटका तथ्य-तपासनीस उभा केला.

ही झाली विसरण्याची गोष्ट. थट्टेचीही आहे. ‘डार्क सोल्स’ २०११ मध्ये आला तेव्हा दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांना विचारलं गेलं की सुरुवातीला मिळणाऱ्या भेटींपैकी कुठली घ्यावी. त्यांनी एका लॉकेटकडे बोट दाखवलं. लोकांनी त्या लॉकेटचा गुप्त उपयोग शोधण्यात किती रात्री घालवल्या असतील! उपयोग काहीच नव्हता. नंतर मियाझाकी यांनी कबूल केलं की आपण गंमत केली होती. तेव्हा मुलाखतीतलं वाक्य टिपणात घेताना कोण, कधी, कुठल्या प्रश्नाला उत्तर देताना बोललं, ते सोबत लिहा. नुसतं “निर्मात्यांनी सांगितलंय” असं लिहिलेली नोंद मी तरी मोजणार नाही.

कंपनी स्वतःच कुंपण घालते, तेही कायमचं नसतं. २०२१ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या बाजूने जेरेमी क्रॉफर्ड यांनी स्पष्ट केलं की २०१४ पासून आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकांत जे आहे तेवढंच त्या खेळापुरतं कॅनन, जुन्या आवृत्त्या, कादंबऱ्या, व्हिडिओ गेम त्यात नाहीत. किती पिढ्यांनी वाचलेल्या कादंबऱ्या एका वाक्यात बाहेर गेल्या. लोक चिडले, पण नीट बघितलं तर तो निर्णय कामाचा होता. नव्याने खेळ चालवणाऱ्याला आधीची सगळी कपाटं वाचायची सक्ती नको, हा त्यामागचा हेतू. कंपनीला पुढचा माल बनवायला जे सोयीचं, ते कंपनीचं कॅनन. तुम्ही पाच जण पुढचा गेम बनवणार नाही आहात. तिच्या सोयीची रेघ तुम्ही जशीच्या तशी का उचलावी? ती कुठे आहे हे माहीत असू द्या, नोंदीत लिहा, पुरे.

व्हिडिओबद्दल मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. व्हिडिओ हा स्रोत नव्हे. तो स्रोतापर्यंत नेऊ शकतो, तेही बनवणाऱ्याने पत्ता दिला असेल तर. लोरच्या, म्हणजे गेममधल्या जगाच्या इतिहासाच्या, व्हिडिओंमध्ये गेममधलं वाक्य, बाहेरचं वाक्य आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा तर्क एकाच गंभीर आवाजात, एकाच पार्श्वसंगीतावर येतात. शिवण कुठे आहे ते ऐकून कळत नाही. मग कुणीतरी व्हिडिओवरून विकीत भर घालतं, पुढचा व्हिडिओ त्या विकीचा हवाला देतो, आणि दोन ठिकाणी सापडलं म्हणून आपण खरं मानतो. साक्षीदार तोच, वाट फक्त गोल. चांगल्या विकीत प्रत्येक दाव्याला तळटीप असते. तुम्ही तळटीप उघडून मूळ पुस्तक किंवा संवाद गाठायचा आणि टिपणात त्याचं नाव घालायचं, विकीचं नव्हे. एआयला विचारून लोर लिहिणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकातला उतारा तो इतक्या ऐटीत देतो की खरा वाटावा. गेम उघडून ते पुस्तक हातात येईपर्यंत नोंद करू नका.

दोन बारीक गोष्टी. पॅचनंतर (म्हणजे गेममध्ये नंतर केलेल्या दुरुस्तीनंतर) संवाद आणि वर्णनं बदलू शकतात, म्हणून ऑनलाइन गेममधलं काही टिपताना तारीख टाका. आणि गेमच्या फाइल्स उकरून काढलेला, पण खेळताना कधीच न दिसणारा मजकूर वेगळा ठेवा. बनवणाऱ्यांनी काय टाकून दिलं हे कळायला तो छान असतो, घडलं काय हे कळायला नाही.

खेळणाऱ्याने निवडलेल्या शेवटांचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं भांडण त्यावरूनच होणार आहे, म्हणून सांगून ठेवते. ‘डॅगरफॉल’ला (१९९६) अनेक शेवट होते, नुमिडियम नावाचा महाकाय यंत्रपुरुष कुणाच्या हाती द्याल त्यावर ते ठरायचे. पुढचा गेम करताना एक शेवट खरा धरला असता तर बाकीचे खेळाडू नाराज. मालिकेने काय केलं? काळच फाटला आणि सगळे शेवट एकदम घडले, असं जाहीर केलं. ‘स्कायरिम’च्या यादवीत कोण जिंकलं, याचा निकालही अजून कुठल्या गेमने दिलेला नाही. तिथे “माझ्या खेळात अमुक जिंकले” एवढंच लिहिता येतं. पाच जणांचे पाच निकाल शेजारी शेजारी लिहा, वाचायला मजा येईल.

टिपण बंद करू नका. मित्राची पानं परत आणलीत की ती सगळी एकदम तपासायला बसू नका, हायम्स्करपासून सुरुवात करा. कर्कब्राइड यांच्या मूळ मजकुरातल्या कुठल्या ओळी त्याच्या भाषणात आल्या आणि कुठल्या गळल्या, हे ओळ न् ओळ लावून बघायचं काम मित्राकडेच सोपवा. त्याला तो मजकूर बहुधा पाठ असणार. तुम्ही व्हाइटरनच्या चौकात उभं राहून भाषण शेवटपर्यंत ऐका आणि उतरवून घ्या. बाण भात्यातच राहू द्या.